उजळाईवाडी ते डब्लिन : एका वारकरणीचा प्रवास



आपल्यातल्या पुष्कळांची लेकरे आता लांब गेली आहेत. आमच्या गडहिंग्लज भागातली पोरे पूर्वी फौजेत जात, नाहीतर मुंबईला गिरणीत जात. दिवाळीला, यात्रेला एसटीने घरी येत. आता ती पुणे-बंगळूर ओलांडून समुद्रापलीकडे गेली आहेत. मग एक दिवस तिकडून फोन येतो, "आई, येशील का?" आणि ज्या पायांनी आपण आळंदी ते पंढरी अडीचशे किलोमीटर चालतो, तेच पाय विमानतळाच्या काचेच्या दारात कापू लागतात. वय साठीकडे झुकलेले, इंग्रजी जेमतेम अक्षरओळखीपुरते, आणि मध्ये दोन ठिकाणी विमान बदलायचे. तुमच्यापैकी कुणावर ही वेळ आली असेल, कुणावर येणार असेल. म्हणून हे लिहिते आहे.

माझी लेक आयर्लंड देशात डब्लिन शहरात असते. मागच्या खेपेला तिचे पोटातले बाळ पाचव्या महिन्यात गेले. तेव्हा घरी ती आणि जावई, दोघेच. सासूबाई हयात नाहीत. दुसऱ्या खेपेला डॉक्टरांनी तिला अंथरूण सोडायचे नाही असे सांगितले. दिवस भरत होते जुलैच्या मध्यावर. सन २०२४ ची आषाढी एकादशी होती १७ जुलैला.

माउली, आता अडचण तुमच्या ध्यानात आली असेल. माझी आषाढीची वारी सासूबाईंकडून आलेली. त्यांचे पाय थकले तेव्हा त्यांनी डोक्यावरची तुळस माझ्या डोक्यावर ठेवली, तेव्हापासून बावीस वर्षे एकही वारी चुकली नव्हती. घरात लग्न निघाले, भात-लावणी अडली, गुडघा सुजला, तरी चुकली नाही. आणि आता लेक विचारत होती, येशील का. तिने दुसऱ्यांदा विचारलेसुद्धा नाही. एकदाच विचारले आणि गप्प राहिली. त्या गप्प राहण्यानेच मला रात्रभर झोप लागली नाही.

मी आमच्या दिंडीच्या बाबांकडे गेले. नियम मोडतो आहे, काय करू, असे विचारले. बाबांनी लगेच उत्तर दिले नाही. चहा झाल्यावर म्हणाले, "पोरी, पुंडलिक आईबापाच्या सेवेत होता. देव दारात आला तर त्याने वीट फेकली आणि थांबायला सांगितले. देव रागावून निघून गेला का? अजून उभाच आहे." मग म्हणाले, "सावतोबा अरणचा मळा सोडून पंढरीला गेले नाहीत. आजही सावतोबांची पालखी पंढरीला जात नाही, विठुरायाची पालखीच अरणला जाते. तू जा. पण वारी झाली असे मनाला समजावू नको. राहिली ती राहिली म्हण, आणि सेवेला जा."

हे शेवटचे वाक्य मला फार लागले, आणि त्यानेच धीरही आला. तुळस जाऊबाईंनी डोक्यावर घेतली. आमचे हे दिंडीबरोबर आळंदीला गेले. मी एकटी उजळाईवाडीला.

आता प्रवासाचे सांगते. गडहिंग्लजच्या माणसाला दोन विमानतळ जवळ. एक बेळगावचे सांबरा, दुसरे कोल्हापूरचे उजळाईवाडी. दोन्हीकडे गाडीने साधारण दोन तास धरावेत. उजळाईवाडीचा तळ छत्रपती राजाराम महाराजांच्या काळातला, १९३९ सालचा, आणि आज त्याला त्यांचेच नाव आहे. मधल्या काळात तिथली विमाने कधी सुरू, कधी बंद अशी असत. २०१८ पासून पुन्हा ये-जा वाढली आणि मार्च २०२४ मध्ये नवी इमारत झाली. काळ्या दगडाच्या कमानी आहेत, राजवाड्यात शिरल्यासारखे वाटते. पण विमान लहान, पंख्याचे. बाहेर रंकाळ्याच्या वाटेवर असावा तसा पाऊस आणि आत आम्ही पन्नास-साठ माणसे.

लहान विमानतळावरून निघणाऱ्याने तीन गोष्टी आधी पाहाव्यात.

पहिली गोष्ट तिकिटाची. घरापासून शेवटच्या मुक्कामापर्यंत एकच तिकीट असेल तर सामान बहुतेक वेळा थेट पुढे जाते, आणि पहिल्या विमानाला उशीर होऊन दुसरे चुकले तर पुढची सोय कंपनी करते. तिकिटे वेगवेगळी काढली असतील तर तसे नाही. मधल्या ठिकाणी आपली बॅग आपणच घ्यायची, पुन्हा रांगेत उभे राहून द्यायची, आणि पहिले विमान उशिरा आले तरी दुसरे आपल्यासाठी थांबत नाही. माझी तिकिटे वेगळी होती, म्हणून जावयांनी हैदराबादला मुद्दाम आठ-नऊ तासांचे अंतर ठेवले होते. पावसाळ्यात कोल्हापूरचे ढग खाली उतरतात. आमचे विमान दोन तास उशिरा निघाले. आजूबाजूची माणसे घड्याळ बघून तळमळत होती. मी जपाला बसले. पदरात वेळ असला की नाम नीट येते, हेही खरे आहे.

दुसरी गोष्ट वजनाची. परदेशी विमानात तीस किलोपर्यंत सामान चालते म्हणून आपण भरतो, पण देशातल्या वेगळ्या तिकिटावर साधारणपणे पंधरा किलोच चालते. मी गावातल्या वाण्याच्या काट्यावर बॅग ठेवून पाहिली. संकेश्वरी मिरचीचे एक पुडके, दोन चादरी आणि जाते-उखळातले सगळे कौतुक घरीच राहिले.

तिसरी गोष्ट इमारतीची. मोठ्या शहरात कुठे कुठे देशातली विमाने एका इमारतीत आणि परदेशची दुसरीत असतात. मुंबईत उतरलेल्याला कधी कधी बसने दुसऱ्या टर्मिनलवर जावे लागते. हैदराबादला शमशाबादचा विमानतळ एकाच इमारतीत आहे. खाली उतरायचे, बॅग घ्यायची, वर जायचे. एकट्या माणसाला हे सोपे पडते.

लेकीने मला प्रत्येक टप्प्याचा एक कागद करून पाठवला होता. आपल्या सोहळ्याची मुक्कामपत्रिका असते ना, कुठे विसावा, कुठे दुपारचे जेवण, कुठे मुक्काम, अगदी तशी. वर मराठीत, खाली तेच इंग्रजीत, म्हणजे कुणालाही दाखवता येईल. एक टप्पा संपला की तो कागद मागे टाकायचा. सगळा प्रवास एकदम डोक्यात घेतला असता तर मी उजळाईवाडीलाच बसून राहिले असते. आळंदीत उभे राहून वाखरीची चिंता करणारा वारकरी दिवेघाटही चढत नाही. आजचा मुक्काम गाठायचा, एवढेच वारी शिकवते.

एक गंमत सांगते. सामानाच्या चिठ्ठीवर गावाची तीन इंग्रजी अक्षरे असतात. डब्लिनची अक्षरे डीयूबी. ती पाहून मला आधी दुबई वाटली होती. दुबईची डीएक्सबी. लेकीने कागदावर लाल शाईने लिहिले होते, "आई, चिठ्ठीवर डीयूबीच आहे ना, बघून घे." हैदराबादच्या खिडकीवर मी चिठ्ठी हातात घेऊन एकेक अक्षर वाचले. तिथली मुलगी हसली, पण तिनेही बोट ठेवून दाखवले. लाजू नका, माउली. विचारायला लाजतो तो चुकतो.

आता वारकऱ्याच्या सामानाचे. गळ्यातली तुळशीची माळ काढावी लागत नाही, ती लाकडाची, यंत्र वाजत नाही. टाळ मोठ्या बॅगेत ठेवावेत. हातातल्या पिशवीत ठेवले तर पितळेचा तो गोळा यंत्रात काळा दिसतो आणि पिशवी उघडायला लावतात. बुक्क्याची डबीही मोठ्या बॅगेतच बरी. चंद्रभागेचे पाणी हातात न्यायचे तर शंभर मिलिलीटरच्या आतल्या बाटलीत. कापूर आणि काडेपेटी नेऊ नये, ती पेटणारी वस्तू. आणि हे बऱ्याच जणींना ठाऊक नसते, वाळलेले खोबरे विमानात चालत नाही. त्यातल्या तेलामुळे ते आपोआप तापून पेटू शकते. बाळंतिणीसाठी मी डिंक, अळीव, खारीक घेतली, खोबरे नाही. युरोपात दुधाचे पदार्थही नेऊ देत नाहीत, म्हणून तूप, पेढे नेले नाहीत. तुळशीचे रोप तर नाहीच, झाडाला वेगळा दाखला लागतो. मात्र आयर्लंड हा लोण्याचा देश. तिथे लोणी कढवून मी जे तूप केले, त्याच्या वासाने लेकीला घर आठवले.

जेवणाचे तर नक्की ध्यानात ठेवा. तिकीट काढताना "हिंदू जेवण" असे मागितले तर ते शाकाहारी असेलच असे नाही, त्यात पुष्कळदा मांस असते. माळकऱ्याने "एशियन व्हेजिटेरियन" किंवा "जैन" जेवण सांगावे, आणि ते आधीच सांगावे लागते. मला त्या दिवशी कशाचीच गरज नव्हती. २ जुलैला योगिनी एकादशी होती. राजगिऱ्याचे लाडू, खजूर आणि भाजलेले शेंगदाणे माझ्या पिशवीत होते.

पहाटे हैदराबादहून निघून दोहाला उतरले. तिथले हमाद विमानतळ म्हणजे एक शहरच. चकाचक दुकाने, सोन्याची, अत्तराची. मध्यभागी एक प्रचंड पिवळे अस्वल बसवले आहे, सुमारे सात मीटर उंच, डोक्यावर दिव्याची छत्री. लेकीच्या कागदावर लिहिले होते, "वाट चुकलीस तर कुणालाही अस्वल कुठे म्हणून विचार." यात्रेत चुकामूक झाली तर अमुक मठाच्या दारात भेटायचे, असे आपण ठरवतो, तसेच हे. आणि भाषेची भीती बाळगू नका. तिथे झाडलोट करणारी, खुर्च्या ढकलणारी कितीतरी माणसे नेपाळची, आपल्या देशाची. मोडके-तोडके हिंदी बोललात तरी वाट दाखवतात.

तिथे मला करीमनगरकडचे एक वयस्कर जोडपे भेटले. त्यांनाही डब्लिनलाच जायचे होते, मुलाकडे. त्यांच्याजवळही असाच कागद. मला तेलुगू येत नाही, पण त्यांची दखनी हिंदी समजत होती. मी त्यांना म्हटले, सोबत राहू. ते एका दारासमोर बसले. मी हात-पाय धुऊन आले तर फलकावर आमच्या विमानापुढे दुसराच क्रमांक.

इथे एक महत्त्वाचे सांगते. आपल्या सोहळ्यात तीन वेळा कर्णा होतो. पहिल्याला सामान बांधायचे, दुसऱ्याला दिंडीत आपल्या जागी उभे राहायचे, तिसऱ्याला चालू लागायचे. झोपलेलाही जागा होतो. आजकाल पुष्कळ मोठ्या विमानतळांवर प्रत्येक विमानाची अशी आरोळी देत नाहीत. फलक आपणच पुन्हा पुन्हा पाहायचा. दाराचा क्रमांक ऐनवेळी बदलतो, आणि विमान उडायच्या वीस-पंचवीस मिनिटे आधी दार बंद होते. म्हणून दर अर्ध्या तासाने उठावे आणि पाहावे.

मी पाहिले म्हणून मला कळले. ते दोघे तिकडे जुन्या दारासमोर बसलेले. नवे दार उलट्या बाजूला, आतल्या आत धावणाऱ्या गाडीने जाण्याइतके लांब. वेळ होता, पण भरपूर नव्हता. क्षणभर मनात आले, त्यांनाही कुणी सांगेल. लेक अंथरुणावर आहे, माझे विमान चुकले तर? पण माउली, मुक्कामाला पोचल्यावर आपण आधी काय करतो? पाठीवरचे ओझे उतरवायच्या आधी माणसे मोजतो. कोण मागे राहिले, कुणाचा पाय दुखतो, हे पाहिल्याशिवाय दिंडीत कुणी पाणी पीत नाही. बावीस वर्षांची ती सवय. पाय आपोआप मागे वळले. दोघांना उठवले. आजींच्या गुडघ्यात जोर नव्हता. एका नेपाळी पोराने चाकाची खुर्ची आणली आणि आम्ही चौघे निघालो. वाटेत आजोबा दम लागून थांबत, मी थांबे. दाराशी पोचलो तेव्हा रांग अजून चालू होती.

त्या खुर्चीबद्दलही सांगते. ही सोय तिकीट काढताना मागता येते, तिला वेगळे पैसे पडत नाहीत. खुर्चीवाला माणूस रांगा, तपासणी, दार सगळे पार करून देतो. आपल्यातल्या पुष्कळांना वाटते, वारी चालणाऱ्याला खुर्ची कशाला. अहो, सोहळ्यातही थकलेल्यांना गाडीत बसवतातच. गाडीत बसला म्हणून त्याची वारी कुणी कमी धरत नाही. ज्याला गरज आहे त्याने घ्यावी.

दोहाहून डब्लिन साडेसात-आठ तास. हातातले घड्याळ मी बदलले नव्हते, ते गडहिंग्लजच्याच वेळेवर होते. खाली कुठला देश होता कोण जाणे, नुसते पांढरे ढग. घड्याळात दुपारचे चार वाजले, आणि मला कळले की आत्ता माउलींचा रथ दिवेघाटात असेल. एकादशीचा दिवस, रथाला जादा बैलजोड्या जोडलेल्या, वळणावळणावर पताका, आणि आमची दिंडी रथामागे. जाऊबाईंच्या डोक्यावर माझी तुळस. मला रडू आले. शेजारी करीमनगरच्या आजी झोपल्या होत्या. मी पदर तोंडावर घेतला आणि मनातल्या मनात हरिपाठ सुरू केला. घाट चढायला लागतो तेवढा वेळ म्हणत राहिले.

तेव्हा एक विचार आला. हैबतबाबांनी माउलींचा सोहळा थाटाने सुरू केला तेव्हा त्यांना अंकलीच्या शितोळे सरकारांची साथ होती. अंकली आपल्या भागातलेच, चिकोडी तालुक्यातले. आजही माउलींचे अश्व दरवर्षी अंकलीहून निघून आळंदीपर्यंत पायी जातात, आणि मग तिथून सोहळा सुरू होतो. म्हणजे वारी निघायच्या आधी एक वारी असते. तिची कुणी पताका धरत नाही, पेपरात फोटोही कमीच. पण ते अश्व वेळेवर पोचले नाहीत तर सोहळा अडतो. कुणाचे चालणे पंढरीला जाण्याचे, कुणाचे नुसते वेळेवर पोचण्याचे. मला त्या वर्षी दुसरे काम नेमून दिले होते, इतकेच.

डब्लिनला उतरल्यावर अधिकाऱ्याने विचारले, कशाला आलात, किती दिवस, परतीचे तिकीट आहे का. मी लेकीचे पत्र आणि परतीचे तिकीट पुढे केले. बाहेर करीमनगरच्या जोडप्याचा मुलगा उभा होता. त्याने वाकून माझ्या पाया पडायला हात पुढे केले तेव्हा मीही, आपल्या रीतीप्रमाणे, वाकले. तो गोंधळला. त्याला सांगितले, आमच्यात असेच असते, लहान-मोठे बघत नाहीत.

लेक अंथरुणावर उठून बसली होती. काही बोलली नाही. माझ्या हाताला बुक्क्याचा वास येत होता, तो हात तिने नाकाशी धरून ठेवला.

११ जुलैला पहाटे तिला मुलगी झाली. बाळ-बाळंतीण सुखरूप. पालखी तेव्हा फलटणच्या पुढे होती. १७ जुलैला आम्ही दोघी-तिघींनी घरात आषाढी केली. बाळंतिणीला उपास नव्हता, मला होता. तिथे त्या दिवसांत रात्री पावणेदहापर्यंत उजेड असतो. एवढी मोठी एकादशी मी कधी पाहिली नव्हती. ह्यांनी महाद्वारातून फोन लावला. गर्दीच्या आवाजात एक शब्द धड ऐकू येत नव्हता. मी फोन बाळाच्या कानाजवळ धरला.

तीन महिने सरत आले तशी परत आले. १२ नोव्हेंबरच्या कार्तिकी एकादशीला पंढरीत नामदेव पायरीवर डोके ठेवले, आणि पुढच्या आषाढीला तुळस पुन्हा माझ्या डोक्यावर आली. आता दिंडीतल्या नव्या मुली विचारतात, मावशी, किती वाऱ्या झाल्या? मी मोजून सांगते, आणि मधली एक राहिली हेही सांगते. ती का राहिली, हे विचारले तरच सांगते. बाबांचा शब्द मी मोडलेला नाही.

तुमच्या घरी असा फोन आला, माउली, तर घाबरू नका. कागद टप्प्याटप्प्याचे करा. वजन काट्यावर पाहा, खोबरे घरी ठेवा, चिठ्ठीवरची अक्षरे वाचा, फलकाकडे लक्ष ठेवा. आणि सोबत कुणी म्हातारे-कोतारे दिसले, तर दार गाठण्याआधी एकदा मागे वळून माणसे मोजा.

राम कृष्ण हरी.